हायब्रिड सायकल

हायब्रिड म्हटले की आपल्याला आधी ज्वारी आठवते. 1964 साली सी.एस.एच.-1 ही संकरित ज्वारी आली, आणि हा इंग्रजी शब्द खेड्यापाड्यांत असा रुळला की जणू मराठीच. दोन वेगळ्या जाती एकत्र करायच्या आणि दोन्हींचे चांगले गुण एका रोपात आणायचे, हे त्या शब्दाचे मर्म. दाणा भरघोस आला. पण भाकरीला गावरानची चव नाही, कडबाही आखूड, असे म्हातारी माणसे म्हणत राहिली. संकरात काही मिळते, काही जाते.

आता सायकलीच्या दुकानात गेले तरी तोच शब्द कानावर येतो. दुकानदार म्हणतो, "दादा, रोजच्या वापराला ही हायब्रिड न्या." ज्वारीचे ठीक आहे. पण सायकलीत संकर कसला? आणि रोज पाच-सात किलोमीटर कामाला जाणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग काय? ही सायकल साध्या काळ्या सायकलीपेक्षा महाग असते. कित्येकदा दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. तेव्हा पैसे मोजण्याआधी नीट समजून घेतलेले बरे.

आधी जुन्या काळ्या सायकलीकडे पाहू. तिचा आकार इंग्लंडातून आला. 1885 साली कॉव्हेंट्री गावच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी सारख्या दोन चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली सायकल तयार केली. त्याआधीच्या सायकलीचे पुढचे चाक छातीएवढे उंच असे. माणूस त्याच्या डोक्यावर बसे आणि धोंडा लागला की तोंडावर आपटे. 1888 साली बेलफास्ट शहरातल्या जॉन डनलॉप यांनी हवेच्या टायरचा हक्क नोंदवला. हे डनलॉप मूळचे गुरांचे डॉक्टर, बरं का. मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार आदळते, म्हणून त्यांनी रबरी नळीत हवा भरून ती चाकाला बसवली. त्याच 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर करणारे किर्लोस्कर ते हेच.

हीच सायकल पुढे आपल्याकडे दूध, वैरण, टपाल आणि शाळामास्तर वाहत राहिली. ती मजबूत आहे. कोणत्याही गावी दुरुस्त होते. वजन मात्र 20 किलोच्या घरात जाते. गिअर एकच. वारा समोरून आला की दम काढते. आणि चढ लागला की माणूस खाली उतरून तिला ढकलतो, म्हणजे सायकलच माणसावर बसते म्हणा ना!

पुढे सायकलीच्या दोन निराळ्या जाती झाल्या. एक शर्यतीची. तिचे टायर जेमतेम 23 ते 28 मिलिमीटर रुंद, म्हणजे अंगठ्याएवढे. हँडल खाली वाकलेले. चालवणारा त्यावर ओणवा होतो, म्हणजे वारा अंगावर कमी येतो. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर ती बाणासारखी जाते. पण आपल्या पाणंदीत तिला घातली, तर चाक आउट व्हायला वेळ लागत नाही.

दुसरी जात डोंगरातली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराजवळ टॅमाल्पायस नावाचा डोंगर आहे. 1970 नंतर तिथली तरुण पोरे जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेत आणि कच्च्या वाटेने भरधाव खाली सोडत. एका उतारावर ब्रेक इतके तापत की चाकाच्या तुंब्यातले ग्रीस जळून जाई. घरी येऊन ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या उताराचे नावच 'रिपॅक' पडले. रिपॅक म्हणजे पुन्हा भरणे. या पोरांनी पुढे भक्कम चौकट, जाड टायर, चांगले ब्रेक आणि पुष्कळ गिअर असलेल्या सायकली बनवल्या. तीच माउंटन बाइक. तिचे टायर दोन इंच किंवा अधिक रुंद असतात आणि त्यांवर ट्रॅक्टरच्या टायरसारखे दात असतात.

1980 नंतरच्या काळात सायकल बनवणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. डोंगरी सायकल घेणारे बहुतेक लोक डोंगरात जातच नाहीत. ते बाजारात जातात, कामावर जातात. त्यांना डोंगरी सायकलीचे सरळ हँडल आवडते, कारण त्यावर ताठ बसता येते आणि ब्रेक हाताशी राहतात. पण जाड टायर डांबरावर ओढ घेतो. मग त्यांनी शर्यतीच्या सायकलीची मोठी, हलकी चाके घेतली. त्यांना मधल्या रुंदीचे टायर घातले, साधारण 32 ते 42 मिलिमीटरचे. हँडल, बसण्याची रीत आणि हलके गिअर डोंगरी सायकलीचे घेतले. हाच तो संकर.

आता रोजच्या माणसाला यात काय मिळते?

पहिली गोष्ट टायरची. टायर रुंद आणि मऊ असला की तो जमिनीवर बसतो, दबतो, आणि दर फेऱ्याला ते दबणे तुमच्या पायांची शक्ती खाते. दाताच्या टायरचे तर विचारूच नका. डांबरावर एकेक दात वाकतो आणि सुटतो. चालत्या सायकलीचा घूंऽऽ असा आवाज येतो ना, ती तुमचीच मेहनत वाया जात असते. उलट टायर फार अरुंद आणि टणक असला, तर खडीवर तो उड्या मारतो. तिथेही शक्ती वाया जाते, वर मनगटे दुखतात. आपले रस्ते कसे? दोन किलोमीटर डांबर, मग खड्डे, मग मुरुमाची वाट, मग वाडीचा रस्ता. अशा मिश्र रस्त्याला मधलाच टायर सोसतो. माझ्या मते हायब्रिडचा सगळ्यांत मोठा गुण हाच आहे. गिअरचे कौतुक नंतर.

दुसरी गोष्ट बसण्याची. शर्यतीच्या सायकलीवर अंगाचा भार तळहातांवर आणि मानेवर येतो. काळ्या सायकलीवर आपण पाटावर बसल्यासारखे ताठ बसतो. ते बरे वाटते, पण सगळा भार बुडाखाली येतो आणि छातीवर वारा धरला जातो. हायब्रिडवर माणूस किंचित पुढे झुकतो. भार सीट, हात आणि पाय यांत वाटला जातो. मान वर राहते, म्हणून समोरची एस.टी. आणि आडवी येणारी म्हैस दोन्ही वेळेवर दिसतात.

आता गिअर. हे जरा सावकाश वाचा.

पायडलजवळच्या दात्यांच्या चक्राला चेनव्हील म्हणतात. मागच्या चाकावरच्या चक्राला फ्रीव्हील. समजा, चेनव्हीलला 44 दाते आहेत आणि फ्रीव्हीलला 22. पायडल एक फेरा फिरले की मागचे चाक दोन फेरे फिरते. अठ्ठावीस इंची चाकाचा घेर 7 फुटांहून थोडा जास्त असतो. हिशेबाला 7 धरू. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल 14 फूट पुढे जाते. काळ्या सायकलीत हे प्रमाण कायमचे ठरलेले असते. चढ असो, उतार असो, त्यात बदल नाही.

हायब्रिडला मागे लहान-मोठी अशी सात-आठ चक्रे असतात. पुढे एक, दोन किंवा तीन. हँडलवरचा खटका दाबला की एक छोटा लोखंडी हात चेनला एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलतो. पुढे 28 दाते आणि मागेही 28 दाते घेतले, तर पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा होतो. सायकल 7 फूटच जाते. पण पायाला जोरही निम्माच लागतो. शंभर किलोचे पोते एकदम उचलवत नाही. तेच धान्य दोन खेपांत नेले तर नेता येते. काम तेवढेच, पण कंबर मोडत नाही. चढावरचा गिअर म्हणजे हेच. पाय जास्त वेळा फिरतात, पण प्रत्येक वेळी थोडाच जोर लावतात. उलट सपाट रस्ता आणि पाठीवर वारा असेल, तर पुढे 48 आणि मागे 14 दाते घ्या. एका फेऱ्यात 24 फूट जाल.

दुकानदार सांगतो, "एकवीस गिअर आहेत, एकवीस!" पुढची तीन आणि मागची सात यांचा हा गुणाकार. ऐकून भुलू नका. त्यांतले कितीतरी एकमेकांसारखेच निघतात. मैदानी गावात पुढे एक आणि मागे सात चक्रे असली तरी पुरते. घाटाच्या गावात मात्र पुढे दोन किंवा तीन असावीत. गिअर बदलताना पाय फिरते ठेवावेत, पण जोर हलका करावा. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करावा. अर्ध्या चढावर, सगळा जोर पायडलवर असताना खटका दाबला तर चेन कडकडते, उतरते, कधी तुटते. पुढचे सगळ्यांत मोठे चक्र आणि मागचेही सगळ्यांत मोठे, अशी जोडीही लावू नये. चेन तिरकी ओढली जाते.

दुकानात बाप आणि मुलगा यांचे भांडण होते ते मात्र टायरवरून किंवा गिअरवरून नव्हे. ते होते शॉकअपवरून. मुलगा म्हणतो, "आबा, ती बघा, पुढं शॉकअप हाय, मोटारसायकलीगत." आबा म्हणतात, "जाड दिसती, मजबूत असंल." दोघांचेही बोलणे खरे वाटते. पण स्वस्त सायकलीतला शॉकअप म्हणजे एक-दोन किलो जादा लोखंड आणि आत स्प्रिंग. दर पायडलला तो खालीवर डुलतो, तेवढा जोर फुकट जातो. थोड्या वर्षांत चिखलपाणी आत शिरून तो जाम होतो, आणि गावात त्याची दुरुस्ती होत नाही. हायब्रिडमध्येही काही सायकलींना शॉकअप असतो. साधा ताठ चिमटा असलेली मिळत असेल, तर तीच घ्यावी. खड्ड्याचा धक्का मधल्या जाडीचा टायर पुष्कळ झेलतो. डनलॉपसाहेबांचा शोध त्यासाठीच तर होता.

आता संकरात जे गमावले जाते, तेही पाहू. हे दुकानदार आपण होऊन सांगत नाही.

हायब्रिड सायकल पुष्कळदा उघडीबोडकी येते. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड आहे-नाही. पावसाळ्यात मडगार्डाशिवाय चालवलीत, तर पाठीवर चिखलाचा पट्टा उठतो. म्हणून मागच्या चाकाच्या आसाजवळ आणि सीटखाली चौकटीला स्क्रूची भोके आहेत का, ते पाहा. ती असली तर कॅरिअर बसवता येते. नसली तर ती सायकल बाजारहाटाला निरुपयोगी समजा. कॅरिअरवर किती किलो चालतील, हे बहुधा त्यावरच लिहिलेले असते. 25 किलोचे कॅरिअर पुष्कळ दिसतात. दुधाचे मोठे कॅन दोन्ही बाजूंना लटकवणाऱ्याने काळी सायकलच ठेवावी. तिच्या मागच्या चाकाला 40 आरे असतात. हायब्रिडच्या चाकाला बहुधा 36 किंवा 32. ओझ्याच्या कामात ती काळीची बरोबरी करत नाही.

दुसरी अडचण टायर मिळण्याची, आणि इथे भले भले फसतात. काळ्या सायकलीचे चाक अठ्ठावीस इंची म्हणतात. हायब्रिडचेही कित्येकदा अठ्ठावीस इंचीच म्हणतात. पण ही दोन माप वेगळी आहेत! टायर रिमला जिथे बसतो, तिथला व्यास काळ्या सायकलीत 635 मिलिमीटर असतो आणि हायब्रिडमध्ये 622. फरक 13 मिलिमीटरचा. अर्ध्या इंचाचा म्हणा. पण एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. गावातल्या पंक्चरवाल्याकडे 635 चा टायर टांगलेला असतो. 622 चा नसतो.

हे माप टायरच्या कडेवर छापलेले असते. आकडे इंग्रजी असतात, पण मोबाइलवर आणि एस.टी.च्या तिकिटावर तुम्ही तेच वाचता. 28 × 1½ लिहिले असेल, तर तो काळ्या सायकलीचा. 700 × 35 किंवा 37-622 असे काही असेल, तर तो हायब्रिडचा. 35, 37 हा रुंदीचा आकडा. दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका, टायर हातात घ्या आणि स्वतः वाचा. तालुक्याच्या गावी 622 चा टायर आणि ट्यूब मिळते का, याची चौकशी सायकल घेण्याआधी करा. घेतानाच एक ट्यूब जादा मागून ठेवली तर उत्तम.

वॉलकडेही पाहा. काळ्या सायकलीत रबरी नळीचा जुना वॉल असतो. हायब्रिडला बहुधा मोटारसायकलीसारखा जाड वॉल असतो. तो सोयीचा, कारण मोटारसायकलीची हवा भरणारा त्यात हवा भरू शकतो. मात्र त्याच्या यंत्राने सायकलची लहानशी ट्यूब क्षणात फुगते आणि फुटते. टायरवर हवेची मर्यादा पौंडांत लिहिलेली असते, तेवढीच भरायला सांगा. सुईसारखा बारीक वॉल असेल, तर वेगळा पंप लागतो. खेड्यात तो नको.

ब्रेकचे दोन प्रकार येतात. एकात रबरी गुट्टे रिमला घासतात. दुसऱ्यात चाकाच्या मधोमध पोलादी थाळी असते. चिखलात थाळीचा ब्रेक जास्त चांगला धरतो. पण रबरी गुट्टे स्वस्त असतात, कोणीही बदलून देतो, आणि झिजलेले डोळ्यांना दिसतात. हायब्रिडचा रिम बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. काळ्या सायकलीच्या चकचकीत पोलादी रिमवर पावसात ब्रेक सटकतो, हे तुम्ही अनुभवले असेल. ॲल्युमिनियमवर तो बराच चांगला लागतो. गावासाठी मी गुट्ट्यांचाच ब्रेक निवडीन.

चौकटीची दांडी वर असावी की खाली झुकलेली, हा प्रश्न बायकांचा म्हणून सोडून देतात. तो सगळ्यांचा आहे. 1991 नंतर तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरतेची मोठी मोहीम झाली. शीला राणी चुंकत या तिथे कलेक्टर होत्या. त्या मोहिमेत अक्षरांबरोबर बायकांना सायकलही शिकवली गेली. हजारो जणी शिकल्या. दुकानांत लेडीज सायकली पुरेनात. मग कित्येकींनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त आवडल्या. का? तर दांडीवर मूल बसवता येते! हायब्रिडमध्येही दांडी खाली झुकलेली चौकट मिळते. लुगडे नेसणारीला, गुडघेदुखीच्या म्हाताऱ्याला आणि मागे ओझे बांधून चढणाऱ्याला ती सोयीची पडते. घरातली तीन माणसे एकच सायकल वापरणार असतील, तर अशीच चौकट पाहावी.

घेण्याआधी सायकलवर बसून पाहा. दोन पायांत दांडी घेऊन जमिनीवर उभे राहा. दांडी आणि जांघ यांत इंच-दोन इंच मोकळी जागा हवी. मग सीटवर बसा, कोणाला तरी सायकल धरायला सांगा, आणि टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे. पुढे चवड्याने पायडल मारलेत की गुडघ्याला किंचित बाक राहतो. तोच योग्य. पुष्कळ लोक दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खूप खाली करतात. त्यांचे गुडघे महिन्याभरात कुरकुरू लागतात आणि ते सायकलीला दोष देतात.

हायब्रिडचे वजन साधारण 13 ते 16 किलो असते. एका हाताने उचलून ओट्यावर ठेवता येते. ज्यांचे घर जोत्यावर आहे, त्यांना याचे मोल कळेल.

नवी सायकल घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात गिअरच्या आणि ब्रेकच्या तारा थोड्या ताणतात. गिअर अडखळू लागतो. घाबरू नका, सायकल बिघडलेली नसते. दुकानदाराकडे परत नेऊन तारा ओढून घ्या आणि आरेही तपासून घ्या. चांगला दुकानदार पहिल्यांदा हे फुकट करतो, पण तसे आधी बोलून ठेवा. चेन काळ्या सायकलीच्या चेनपेक्षा बारीक असते आणि तिला पेटीचे झाकण नसते. म्हणून धूळ लवकर बसते. आठवड्याला एकदा जुन्या फडक्याने चेन पुसा. मग पायडल उलटे फिरवत प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडा आणि वरचे तेल पुन्हा पुसून काढा. ओथंबलेल्या तेलावर मुरुमाची धूळ चिकटते, आणि ती कानशीसारखे दाते खाते.